करार मराठीत वाचून दाखव

आई,

तू गेलीस त्यानंतर मी बायकोमुलांना घेऊन अंबरनाथची खोली सोडली आणि बदलापूरला फ्लॅट घेतला, म्हणजे हे घर तू पाहिलेलं नाहीस. रविवारी सकाळी इथे माणसं येतात. बहुतेक माझ्यासारखीच, फौजेतून पेन्शनवर आलेली, खुर्चीत अजून ताठ बसणारी. परदेशातल्या हत्यारबंद सिक्युरिटीच्या नोकरीचे कागद घेऊन येतात. कुणाला व्यापारी जहाजावर जायचं असतं, कुणाला आफ्रिकेतल्या खाणीवर. मी कागद हातात घेत नाही. म्हणतो, "तुम्हीच वाचा, पण मराठीत वाचा." आधी हसतात. दुसऱ्या पानावर हसणं थांबतं. परवा एकानं विचारलं, साहेब, हे कुठल्या कोर्सला शिकवतात? मी म्हटलं, आमच्या घरात. त्याला वाटलं मी टाळतोय. तो गेल्यावर तुला लिहायला बसलो.

मला पेन्शन लागून चारेक महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. सतरा वर्षं रायफल सांभाळून आलेला मी, अंबरनाथ पूर्वेला एका सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहीत होतो. तू तेव्हाही उल्हासनगरला कॅम्प चार भागात जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जात होतीस. तुझा डबा द्यायला मी एकदोनदा तिथे आलो होतो. शिवलेली पँट समोर आली की तू ती आधी उलटी करायचीस आणि आतली शिवण बोटानं चाचपायचीस. शेठ म्हणायचा, "अम्मा, ऊपर का धागा काटो, अंदर कौन देखता है." तू ऐकून घ्यायचीस आणि पुढची पँटही उलटीच करायचीस. मला म्हणायचीस, "फाटती ती आतनंच."

त्याच कॅम्पात, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, परदेशी नोकऱ्या लावणाऱ्या एजंटचं ऑफिस होतं. माझ्याच पलटणीतला, वांगणीकडचा माझा दोस्त मला तिथे घेऊन गेला. एजंट गोड बोलणारा माणूस. "फौजी आदमी हो, तुम्हें क्या सिखाना. कंपनी का गेट है, खड़े रहना है. हथियार वो लोग देंगे." नऊ पानांचा करार आमच्या हातात देऊन त्यानं उद्या सही करून आणायला सांगितलं. परत येताना आम्ही दोघं एवढे खूश होतो, की रिक्षा न करता बोलत बोलत स्टेशनपर्यंत चालत आलो.

घरी आलो तर तू भाकरी थापतेयस. हात पिठाचे, पदर खोचलेला. मी कागद फळीवर ठेवतो आणि तू मान न वळवता विचारतेस, "कसला कागद हाय?"

"नोकरीचा. परदेशात, कंपनीच्या गेटवर, बंदूक घेऊन."

"वाच."

"इंग्रजीत आहे गं."

"तुला येतंय न्हवं? मग मराठीत वाच."

मी उंबऱ्यात बसून वाचायला लागतो. पहिलं पान बरं जातं. मग येतं, ग्राहकाला गरज वाटेल तिथे कर्मचाऱ्याची नेमणूक होईल.

"गिऱ्हाईक म्हंजी कोण?" तू विचारतेस.

"ते लिहिलेलं नाही."

"मग गेट कुठं लिवलंय?"

मी शोधतो. नऊ पानांत गेट हा शब्दच नाही. पुढे आहे, रुजू होताना पासपोर्ट कंपनीकडे जमा करावा. तू विचारतेस, परत कधी मिळणार. मी सांगतो, करार संपल्यावर. "आन तुला आधीच माघारी यावंसं वाटलं तर?" मी ते पान पुन्हा वरून खाली बघतो. भाकरी तव्यावर टाकून तू माझ्याकडे वळतेस. "बंदूक कुणाच्या नावावर? तिकडच्या पोलिसानं धरलं तर सोडवायला कोण येणार?" आई, फौजेत एकेका गोळीचा हिशोब कुणाला द्यायचा ते मला झोपेत सांगता आलं असतं, आणि इथे परक्या देशात भरलेली रायफल घेऊन उभं राहायला निघालो होतो, ती कुणाची हे न विचारता. शेवटी तू म्हणालीस, "पाठीमागं बघ." शेवटच्या पानाच्या मागे फिकट बारीक अक्षरं होती. वाद झाला तर तो तिसऱ्याच देशाच्या कायद्यानं सुटणार होता. तिथे मी कामालाही नसणार आणि राहायलाही.

मी चिडलो. म्हणालो, "जन्मभर धागे कापलेस, तुला करारातलं काय कळतं?" तू रागावली नाहीस. तव्यावरची करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतलीस आणि म्हणालीस, "मला काय बी कळत न्हाई, म्हणून तर इचारलं. तुला कळतंय तर सांग की."

मी सही केली नाही. पण दोस्ताला कारण वेगळं सांगितलं. मेडिकलमध्ये बीपी निघाला, म्हटलं. आईनं चार प्रश्न विचारले आणि मी थांबलो, हे पलटणीतल्या माणसाला सांगायची लाज वाटली. तो गेला. गेट नव्हतंच. त्याला सामानाच्या ट्रकपुढे धावणाऱ्या गाडीत बसवलं, लढाई चाललेल्या मुलखात. एके दिवशी त्याच्या पुढची गाडी स्फोटात उडाली. तो वाचला, पण पायाला कायमचं अधूपण घेऊन, आणि पासपोर्ट हातात यायला आणखी कितीतरी महिने गेले. परत आल्यावर तूच मला त्याला जेवायला बोलवायला लावलंस. जेवताना तो तुला म्हणाला, "मावशी, याचं नशीब बघा, वेळेवर बीपी निघाला." तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि त्याला आमटी वाढलीस. तो गेल्यावर एवढंच म्हणालीस, "खरं सांग त्याला. आजून कुणी जाणार आसंल, तर त्यो आडवील."

ते सांगायचं धाडस मला तू गेल्यावर झालं. त्यानं अधू पाय हातानं उचलून सरळ केला. मग म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतंस तरी मी गेलोच असतो." खरं बोलला की मला सावरून घेतलं, मला अजून कळलेलं नाही. आता रविवारी तोही माझ्या शेजारी बसतो. पासपोर्टची ओळ आली, की मी थांबतो आणि पुढचं तो बोलतो.

एजंटचा करार नाकारल्यावर माझी नोकरी मी पुढची दोन वर्षं शोधली, तुझ्या पद्धतीनं. समुद्रावरच्या सुरक्षेचं ट्रेनिंग घेतलं, जहाजावरच्या नोकरीला लागणारं खलाशाचं पुस्तक काढलं, आणि तुझे प्रश्न इंग्रजीत लिहून एकेका कंपनीला पाठवले. तीन कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. चौथीनं प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर दिलं. तो करार आपण दोन संध्याकाळी वाचला, आठवतं? सगळं पटल्यावरही तू एक राहिलेलं विचारलंस, "घरात कुणाचं काय झालं, तर मधीच उतरवत्याल का?" मी कंपनीला पुन्हा लिहिलं आणि ती ओळ घालून घेतली. निघताना तू मला जीन्सच्या तुकड्यांची एक पिशवी दिलीस, पासपोर्टच्या मापाची, आतून दुहेरी शिवलेली.

समुद्री चाच्यांपासून जहाज राखायला आम्ही चौघं पहारेकरी असायचो. हत्यार कधी दाखवायचं, कधी रोखायचं, कधी हवेत झाडायचं, याचे नियम लिहिलेले होते आणि ते मी मनाशी मराठीत वाचून ठेवले होते. एका दुपारी एक लहान बोट सरळ आमच्यावर चालून आली. बाजूचा सोबती म्हणाला, "झाडू का?" मी म्हटलं, आधी दाखवायची. रायफल डोक्यावर उंच धरून मी कठड्याशी उभा राहिलो. बोट वळली तेव्हा तिच्यातलं जाळं दिसलं, आणि जाळ्यावर हात ठेवून बसलेला एक म्हातारा. माझ्या हातून त्या दिवशी माणूस मेला नाही, आई. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांतही नाही.

मी तिसऱ्या करारावर असताना तू गेलीस. निरोप जहाजावर त्याच दिवशी आला आणि पुढच्याच बंदरात मला उतरवलं. मला कप्तानाच्या पाया पडावं लागलं नाही. कागदावर ओळ होती. तुला अग्नी द्यायला पोहोचलो नाही, पण तिसऱ्या दिवशी अस्थी माझ्या हातांनी गोळा केल्या. ती ओळ तू माझ्या बायकोमुलांचा विचार करून मागितली होतीस. पहिल्यांदा ती तुझ्यासाठीच लागली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकतो. तू शेजारणींना सांगायचीस, लेक घरासाठी पाण्यात जातोय, आणि मी मान खाली घालून उभा राहायचो. ते पूर्ण खरं नव्हतं. मला जायला आवडायचं. निघायच्या दिवशी तू डोळे पुसायचीस, मीही तोंड पाडून बसायचो, आणि आतून कधी एकदा निघतोय असं झालेलं असायचं.