रंगवलेली तुळई

१२ जुलै
नाटक मंडळाचं सामान अजून मागच्या भिंतीला टेकलेलंच. होळीनंतर सीझन संपला तेव्हापासून स्टेजच्या उभ्या लाकडी बल्ल्या, फळ्या, पडद्यांचे बांबू, सगळं आमच्याकडे. कारण पडदे रंगवणारे आमचे हे. सगळ्या वडसा गावात दुसऱ्या कोणाला भिंत नाही काय? आज मधली खोली झाडताना केरात पंखच पंख. उधईचे. वाळवी लागली बहुतेक. ह्यांना दाखवले. "बत्तीवर किडे येतच असते." बत्तीवर! त्या खोलीतला बल्ब कधीचा उडालाय, तो बदलायलाही ह्यांना वेळ नाही.

२० जुलै
शीतलचा फोन. दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. दवाखाना गडचिरोलीचा, पण त्याआधी आणि नंतर सव्वा महिना ती इथे. पोरीचं पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं. मधली खोली तिची. फार बरं वाटलं आज.

३ ऑगस्ट
कोणी हलवत नाही म्हणून मीच फळ्या ओढल्या. मागे मातीची नळी, बोटाएवढी जाड. जमिनीतून निघून फळीवर, फळीवरून भिंतीवर, तिथून थेट मधल्या खोलीच्या तुळईत. नखाने फोडली. आत पांढऱ्या उधया, नुसती पळापळ. तुळई मुसळाने ठोकून पाहिली, रिकाम्या डब्यासारखी वाजली.
हे म्हणतात, "साग आहे तो. सागाले उधई लागत नाई."
नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

५ ऑगस्ट
फोडलेली नळी पुन्हा बांधून तयार, माती ओली. एवढं मन लावून काम आमच्या घरात माणसं करत नाहीत. ह्यांनी वरून डिझेल शिंपडलं आणि लढाई जिंकल्यासारखे पडदा रंगवायला गेले. घरभर वास. जेवण गेलं नाही.

१९ ऑगस्ट
रोपवाटिकेत खुरपताना वनरक्षक मॅडमला विचारलं. त्या म्हणाल्या, "कवळा साग असन तर त्याचं पांढरं लाकूड खातेच, बाई. वरून डिझेल टाकून काय होते? ते जमिनीतून येते. भिंतीपासचं लाकूड हटवा, पायाच्या मातीत औषध टाका. अन् त्या तुळईखाली कोणाले निजू देऊ नका."
घरी येऊन शब्दन्‌शब्द सांगितलं. हे राजवाड्याच्या पडद्यावर खांब रंगवत होते. "हौ, बघतो." लग्नापासून ह्यांचं "बघतो" ऐकते आहे. ह्यांच्या राजवाड्याला उधई लागत नाही, तेवढं खरं.

११ सप्टेंबर
कामावरून आले तर तुळई नवी कोरी! मातीने भोकं बुजवून वरून सागाच्या रेषा रंगवल्या आहेत. गाठीसुद्धा. हात लावून पाहावं लागलं मला. हातात कला आहे, मान्य. पण तळपायाची आग मस्तकात गेली.
हे म्हणतात, "शीतलची सासू येऊन राह्यली खोली पाहाले. तिच्यासमोर अब्रू घालवतं का?"
खाली सांडलेली माती मीच झाडून काढली. खरं कळलं तर ते लोक शीतलला पाठवणार नाहीत, हे मलाही समजतं. म्हणून तर जास्तच राग येतो, ह्यांचाही, माझाही.

४ ऑक्टोबर
विहीणबाई चामोर्शीहून आल्या. पोहे दिले. वर पाहून म्हणाल्या, "भाऊ, तुळई नवी टाकली का? लई साजरी दिसते."
"हौ, अस्सल साग," हे म्हणाले. चेहऱ्यावर रेघसुद्धा हलली नाही. तिसऱ्या अंकातल्या राजासारखे उभे.
मग वि.बाई म्हणाल्या, "पोरीची बाज इथीच टाका, तुळईखाली. हवा चांगली लागते."
चुलीपाशी गेले, उलथणं आणलं, स्टुलावर चढले आणि तुळईत खुपसलं. मुठीपर्यंत आत गेलं. माती, भुसा, उधया, सगळं वि.बाईंच्या पोह्यांत.
"पागल झाली का तू!" हे ओरडले.
वि.बाई पदर झटकत उठल्या. "पोरगी आमच्याच घरी राहीन." चहासुद्धा घेतला नाही.

६ ऑक्टोबर
शीतलचा फोन. "तू काऊन असं केलं, आई? मी बाज दुसऱ्या कोपऱ्यात टाकली असती. मले तुह्यापाशी यायचं होतं." कोपरा कुठला, छप्परच त्या तुळईवर आहे, म्हटलं. ऐकलं नाही, फोन ठेवला.
रडले. मग भांडी आपटली. ह्यांनी ऐकली. ऐकावीच.

१५ ऑक्टोबर
अबोला चालू. पण हे आज सकाळीच उठून लागले. सगळं सामान भिंतीपासून दूर विटांवर रचलं. पायाशी चर खणून औषध टाकलं. मग मंडळाच्या दोन जाड बल्ल्या, ठोकून, शाबूत आहेत हे पाहून, तुळईखाली उभ्या केल्या. हेच जुलैत केलं असतं तर! शीतलला फोटो पाठवला.

१८ ऑक्टोबर
वि.बाईंचा स्वतःचा फोन. "नवी तुळई टाकेपर्यंत त्या बल्ल्या राहतीन तर पाठवतो पोरीले. मी पाहून घेईन." नवं लाकूड डिसेंबरशिवाय मिळत नाही. मी म्हटलं राहतील. ह्यांना न विचारता.

२ नोव्हेंबर
मंडळाच्या मालकाचा फोन. मंडईच्या जत्रेतलं पहिलं नाटक, त्या दोन बल्ल्यांशिवाय मधला पडदा उभा राहत नाही म्हणे. हे म्हणाले, "हौ." मागून मी विचारलं, कोणाला हौ? "बघतो."

४ नोव्हेंबर
शीतल आणि वि.बाई दुपारच्या बसने येताहेत. दाराशी मंडळाचा ट्रॅक्टर. फळ्या चढल्या, बांबू चढले. मी मधल्या खोलीत, तुळईखालच्या बल्लीला पाठ लावून बसले आहे. मांडीवर ही वही, बाजूला भाजी चिरायची पावशी, वांगी अर्धी चिरलेली. मालक बाहेरून ओरडतो आहे, "पेंटर, दोन बल्ल्या कमी हायेत!"
हे दारातच उभे आहेत. एकदा माझ्याकडे पाहतात, एकदा बाहेर ट्रॅक्टरकडे.