बेचाळिसावं घर

१२ जानेवारी
एस.टी.नं दीड तास रखडवलं, तरी डिंभ्यात उतरले आणि जुन्नरच्या बाजारातला गोंगाट विसरले. खोलीच्या खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं. घरमालकीण आक्काबाईंनी तळलेले मासे पुढे केले, वर म्हणाल्या, "उजमा, लई वाळलीयास, खा." काम सोपं आहे. घरोघरी जाऊन खोकला, ताप, घटलेलं वजन विचारायचं. टीबीचा संशय आला की थुंकीसाठी डबी द्यायची. झालेल्या घराच्या दारावर खडूनं खूण करायची.

१५ जानेवारी
एकेचाळीस घरं झाली, खोकला कुणालाच नाही! माझी पाठ वळली की मात्र सगळे खोकतात. टीबीचं नाव लागलं तर पोरींची लग्नं अडतात, म्हणून माझ्याशी बोलणंच नको. आक्काबाईही आता दारातूनच ताट सरकवतात. फार एकटं वाटतं.

बेचाळिसावं घर टेकाडावर, साळुबाईंचं. एकट्याच राहतात. दार आतून बंद, आत खोकला. दोन हाका मारल्या. पाय दुखत होते, उद्या यादी द्यायची होती. 'खोकला नाही' लिहिलं, खूण केली आणि उतरले. लाज वाटते.

१८ जानेवारी
दुपारी एक म्हातारी पायरीवर येऊन बसली. टेकाडावरची साळुबाई, असं नाव सांगितलं. म्हणाल्या, "बाय, मला इचारलंच न्हाई तुमी." लगेच विचारलं. महिनाभर खोकला, रक्तसुद्धा. डबी दिली. तासभर बसल्या. इथं माझ्याजवळ बसलेलं हे पहिलं माणूस.

१९ जानेवारी
सकाळी पायरीवर भरलेली डबी. तपासणीला पाठवली.

२१ जानेवारी
टीबीच निघाला. गोळ्या घेऊन टेकाडावर गेले. दाराची कडी तोडलेली. खाली येऊन आक्काबाईंना विचारलं, तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. साळुबाईंना सतरा तारखेला अग्नी दिला म्हणे. दोन दिवस आत मरून पडल्या होत्या. मला कुणी सांगितलंच नाही.

सतराला. मग डबी—

मी दार ढकललं असतं तर—

२३ जानेवारी
रोज दुपारी येते. गोळ्या समोर गिळवायच्या, नियमच आहे. गिळते. उपचार सहा महिने. दुसरं कुणी येत नाही. मी तिची वाट बघायला लागले— हे काय लिहितेय मी

२४ जानेवारी
दार लावलं. ती आतच आहे. गोळी नको म्हणते. माझा डावा हात धरलाय. थंड नाही— तापलेला. अजून ताप आहे तिला. म्हणते, खरं लिही.

लिहितेय. घर बेचाळीस. साळुबाई. खोकला आहे.

"कुणाला ऐकू आला, ते बी लिही."

मला. मला ऐकू आ—