पेल्यातलं नाणं

३ फेब्रुवारी

मला विसरायला होतं म्हणे. माझ्याच स्वयंपाकघरात, माझीच कॉफी पिऊन मला हे सांगतात!

रेन्झो खाली मान घालून बोलत होता. पोरगा माझा, वाक्यं सगळी बायकोची. "मम्मा, परवा गॅस चालू राहिला. मम्मा, ओर्सोलामावशीला वाढदिवसाचा केक दोनदा दिलास." गॅस एकदा राहिला. एकदा! आणि ओर्सोला समोरच राहते, दोन केक खाऊन तिची काही तक्रार आहे का, विचारा जाऊन.

टॅम्सिन साखर पेरत म्हणाली, "पिएरिना, वृद्धाश्रमात जनरेटर असतो. वादळ येवो, वीज जावो, तुला कसलीच काळजी नाही." इकडे सगळ्याच सुना सासूला नावाने हाक मारतात, पण हिच्या तोंडून ते नाव कुत्रीला बोलावल्यासारखं येतं.

शेवटी मीच म्हणाले, वादळ येतंच आहे. घराची तयारी मी एकटी करते, तुम्ही नुसतं बघा. एक चूक सापडली तर माझी बॅग मी भरीन. नाही सापडली तर आश्रमाचं नाव या घरात परत काढायचं नाही.

रेन्झो "बरं" म्हणाला. टॅम्सिन हसली. दात चांगले आहेत तिचे. माझ्या मुलाने पैसे भरून करून दिलेत.

५ फेब्रुवारी

बाथटब घासून पाण्याने भरला. बादल्या भरल्या, पातेली भरली. नारळ उतरवून घेतले — वाऱ्याने सुटलेला नारळ खिडकी फोडून आत येतो. कुंड्या, अंगणातल्या खुर्च्या, कचऱ्याचा डबा, सगळं गराजमध्ये. रेडिओत नवे सेल.

टॅम्सिन पोलिसासारखी मागे मागे. "टॉर्च?" उशाशी. "औषधं?" पिशवीत. "डबे उघडायला काय करशील?" हा बघ ओपनर, गळ्यातच बांधलाय.

तिचं तोंड इतकं पडलं की मला आज दोन घास जास्त गेले.

६ फेब्रुवारी

नदी चढते आहे. दुपारी रेन्झो न्यायला येणार, वर टेकडीवर त्याच्याकडे. ओर्सोला सकाळीच लेकीकडे गेली. जाताना रडली. ती दूध उतू गेलं तरी रडते.

सगळ्यात शेवटी गराजमधला फ्रीझर. वरपर्यंत भरलाय. नाताळानंतर ओर्सोला आणि मी बसून खिमा भरलेली रॅव्हिओली केली, ती सगळी त्यात. मग माझ्या नवऱ्याचा, सिल्व्हानोचा पत्र्याचा पेला. त्यात पाण्याचा बर्फ, आणि बर्फावर वीस सेंटचं नाणं, त्यावरच्या प्लॅटिपसची, त्या चोचवाल्या पाणप्राण्याची, बाजू वर. आपण नसताना वीज गेली आणि बर्फ वितळला तर नाणं तळाशी जातं. वीज परत येऊन सगळं पुन्हा दगडासारखं झालं तरी नाणं तळाशीच. "प्लॅटिपसने बुडी मारली की सगळं फेकायचं, वर बसलेला दिसला तर खायचं," सिल्व्हानो म्हणायचा. तो गेल्यावरही इकडचा जानेवारी-फेब्रुवारीचा एक पावसाळा चुकवला नाही मी.

आता तर त्या नाण्यावरच माझी सगळी मदार. गेल्या वर्षीच्या तापापासून मला वासच येत नाही. जळलेला नाही, नासलेला नाही. रेन्झोला कळलं तर त्याच दिवशी आश्रम. फक्त टॅम्सिनला सांगून बसले, तापात, तिने कपाळावर ओला रुमाल ठेवला होता तेव्हा. जीभ झडली असती तर बरं झालं असतं. पण अजून तरी कुठे बोललेली नाही. तेवढं तिच्या पदरात टाकायला हवं.

९ फेब्रुवारी

वादळ गेलं. छप्परं राहिली. सुनेच्या हातची कॉफी वादळापेक्षा वाईट.

११ फेब्रुवारी

रस्ता अजून पाण्याखाली. मी कप उचलला की टॅम्सिन कप पुसते. मी खुर्चीवरून उठले की खुर्ची पुसते.

१३ फेब्रुवारी

रस्ता उघडला. रेन्झो पडलेली झाडं काढायच्या कामावर. टॅम्सिन म्हणाली, "मी जाऊन तुझ्या घरातला चिखल काढून येते. तू आराम कर." किल्ली दिली. खोटं कशाला बोलू, भरून आलं मला. इतकी वर्षं हिला नावं ठेवली, आणि ही माझा चिखल काढायला निघाली.

संध्याकाळी आली, हात सोलवटलेले. विचारलं, वीज होती का?

"मी गेले तेव्हा होती," म्हणाली.

१४ फेब्रुवारी

घरी! जिना चढायच्या आधी गराजमध्ये गेले, फ्रीझर उघडला. नाणं वर! पेल्यातल्या बर्फावर ऐटीत बसलेलं. मग रेन्झोला हाक मारून दाखवलं.

"जिंकलीस मम्मा," तो म्हणाला आणि मला जवळ घेतलं. किती दिवसांनी.

टॅम्सिन दारातून म्हणाली, "हो, जिंकलीस."

उद्या सगळ्यांना जेवायला बोलावलंय. रॅव्हिओली. ओर्सोलालाही. तीही आली परत.

१५ फेब्रुवारी

ओर्सोलाने दोनदा घेतली. रेन्झोने तर ताट चाटलं. मी वाढण्यातच होते, चार खाल्ल्या असतील.

टॅम्सिनचं पोट बरं नव्हतं म्हणे. कोरडा ब्रेड चघळत बसली. रेन्झोने तिसऱ्यांदा ताट पुढे केलं तेव्हा त्यावर हात आडवा धरला — "बास, तुझं कोलेस्टेरॉल." नवऱ्याचे घास मोजते, माझ्या टेबलावर! मी तिच्या हातावरून वाढलं.

१६ फेब्रुवारी

पहाटेपासून मला उलट्या. ओर्सोलाला ॲम्ब्युलन्सने नेलं. रेन्झोला सलाईन.

१८ फेब्रुवारी

हॉस्पिटलात गेले. ओर्सोलाचा चेहरा राखेसारखा. मी हात धरला तर काढून घेतला. "पिएरिना, मला पुरायलाच निघाली होतीस." मग भिंतीकडे तोंड केलं. लग्न करून या गावात आले त्या दिवसापासूनची मैत्रीण.

रेन्झोने खाटेवरून वीज कंपनीला फोन करून विचारलं होतं. आमच्या गल्लीत तीन दिवस वीज नव्हती. आम्ही परतायच्या आदल्या दिवशी आली.

"पण नाणं वर होतं," मी म्हणाले. "तू बघितलंस ना रे!"

"जाताना ठेवायला विसरली असशील, मम्मा. आल्यावर ठेवलंस. होतं असं." किती मऊ बोलला. ओरडला असता तर बरं.

टॅम्सिन त्याचे पाय चेपत होती. म्हणाली, "तिला नको बोलूस. बिचारीला वासच येत नाही."

रेन्झो माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली.

२२ फेब्रुवारी

आश्रमाच्या कागदावर सही केली. शब्द माझाच होता. मी विसरले असेन. गॅस विसरले, केक विसरले, नाणंही विसरले असेन.

२६ फेब्रुवारी

रेन्झो आणि टॅम्सिन सामान बांधायला आले. फ्रीझर बंद केला. सिल्व्हानोचा पेला सोबत न्यायचा म्हणून बर्फ वितळायला बेसिनमध्ये ठेवला होता. धुवायला उपडा केला तर वरचं नाणं पडलं, आणि मागून आणखी एक. तळाशी गेलेलं. माझं!

विसरले नव्हते मी. माझं नाणं बुडालं होतं, आणि वर दुसरं कोणीतरी ठेवलं. किल्ली कोणाकडे होती? चिखल काढायला कोण गेली होती? तशीच धावले. ओल्या हातातली दोन्ही नाणी रेन्झोपुढे धरली. बघ, म्हणाले, दोन आहेत, बघ.

टॅम्सिनने खोक्यावर चिकटपट्टी ओढली. वर बघितलं नाही.

रेन्झोने नाणी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. असं त्याने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

"म्हणजे बुडालेलं तू बघितलंस, मम्मा," तो म्हणाला. "वर दुसरं ठेवलंस. आणि तरी आम्हाला वाढलंस."