पिकअप विकणे आहे

४ फेब्रुवारी
जाहिरात टाकली. 'विंटेज पिकअप विकणे आहे. मूळ इंजिन. मालकाने स्वतःच्या हातांनी पुन्हा उभी केलेली. फक्त दर्दी लोकांनी फोन करावा.' बायकोचं म्हणणं, नुसतं 'लोकांनी' लिहा. बदललं नाही. माल असा असला की गिऱ्हाईक आपण निवडायचं असतं.
महिनाअखेर गॅरेज रिकामं करून देतो, असा हिला शब्द दिलाय. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, जिना चढवत नाही, म्हणून तिथे त्यांची खोली करायची आहे. महिनाअखेर कशाला? रविवारपर्यंत जाईल.

९ फेब्रुवारी, रविवार
फोन नाही. दर्दी माणसं घाई करत नाहीत.

१२ फेब्रुवारी
पहिलं गिऱ्हाईक. केटरिंगवाले. आल्या आल्या टेप काढली आणि हौद्यात भांडी किती बसतील ते मोजायला लागले. त्या हौद्याच्या फळ्या पॉलिश करताना माझी कंबर गेली, सगळी रजा गेली. स्पष्ट सांगितलं, ही गाडी भांड्यांसाठी नाही. मग कशासाठी आहे, असं त्यांनी विचारलं. अशा माणसाशी काय बोलणार? परत पाठवलं.  

१६ फेब्रुवारी, सकाळ
आज खरा दर्दी येतोय. स्वतःच्या जुन्या गाड्या बाळगून असलेला माणूस. भाव कमी करणार नाही.

१६ फेब्रुवारी, दुपार
आले. बॉनेट उघडलं आणि एकदम गप्प झाले. भारावले असणार. चालवून बघू म्हणाले. सेल्फ मारला. घर्र. चोक ओढून मारला. घर्र. जुन्या गाड्या अनोळखी माणसासमोर बुजतात, हे मी त्यांना समजावलं. शेवटी मी स्टिअरिंगवर बसलो. त्यांनी, हिने आणि समोरच्या टेलरने धक्का मारला. उतारावर काय पळते! इंजिन बंद असल्यामुळे आवाजही अजिबात नाही. पुढे उतार संपला. गाडी चढावर परत ढकलायची होती तेव्हा दर्दी गृहस्थांना काहीतरी काम आठवलं.

१९ फेब्रुवारी
कार्बोरेटर उघडून साफ केला. परत जोडला. एक स्प्रिंग उरली. कंपनीने जादा दिली असणार.

२४ फेब्रुवारी
सासूबाई आल्या. हॉलमध्ये पलंग टाकून पुढे चादरीचा पडदा बांधलाय. रात्री ही माझ्याशी शांतपणे बोलली. हिचं शांत बोलणं मला झेपत नाही. म्हणाली, "आईला कपडे बदलायला आडोसा नाही, आणि तुमच्या गाडीला डोक्यावर छप्पर आहे."
मी म्हटलं, बाहेर ठेवली तर गंजेल. विधान तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं.
निषेध म्हणून गाडीतच झोपलो. सीट अप्रतिम झालीय.

२५ फेब्रुवारी
मान वळत नाही. उशीचा दोष.

४ मार्च
शब्दाप्रमाणे गॅरेज रिकामं व्हायला हवं होतं, हे मान्य. पण फेब्रुवारी मुळातच आखूड महिना.
ऑफिसातून आलो तर गॅरेज उघडं. एक नर्सरीवाल्या बाई गाडीभोवती फिरतायत, शेजारी सासूबाई काठी टेकून उभ्या. माझ्या माघारी सासूबाईंनी हिला जाहिरातीतला 'दर्दी' काढून टाकायला लावला होता! वर त्या बाईंना सांगत होत्या, "चालत नाही हो ती. दिसायला मात्र देखणी आहे."
मी म्हटलं, किरकोळ काम आहे, एका रविवारचं.
बाई म्हणाल्या, "चालायला नकोच आहे मला. दारात उभी राहिली पाहिजे, बस्स. हौद्यात झाडं लावीन."
"उभं राहणं तिला छान जमतं," सासूबाई म्हणाल्या.
मी ठाम नकार दिला. व्यवहार ठरला.

८ मार्च
गाडी टोचन लावून नेली. स्टिअरिंगवर मीच बसणार, ही अट मी घातली आणि ती त्यांना मान्य करावी लागली. सबंध रस्ता लोक वळून वळून बघत होते. एकदोघांना हात केला.

१३ मार्च
गॅरेजला रंग लागला. सासूबाई आत राहायला गेल्या. दार लोटून घेतलं आणि आतून म्हणाल्या, किती दिवसांनी बरं वाटतंय. जमिनीवरचा तेलाचा डाग काही जात नाही. हिने त्यावर चटई टाकली. सासूबाई आंघोळीला गेल्या की मी चटई उचलून बघतो. फरशी ओल धरते का, एवढंच बघायचं असतं.

१७ मार्च
नर्सरीतून फोन. गाडीखालच्या रोपांच्या मुळांत तेल गळतंय म्हणून इंजिन बाहेर काढलं, भंगारवाला मागतोय, तुम्हाला हवंय का? मूळ इंजिन! मी घरात जाहीर केलं की ते इथेच येणार. सासूबाईंनी विचारलं, त्यालाही खोली लागेल का? ही हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, म्हणून वाद वाढवला नाही.
इंजिन भंगारात गेलं. बघायला गेलो नाही. तत्त्व म्हणून.

२३ मार्च, रविवार
नर्सरीत गेलो. केवळ पाहणी करायला. गाडी दाराशीच आहे, चाकांखाली विटा. हौद्यात जर्बेरा, बॉनेट कायमचं उघडं आणि आत नेचे. एक कुटुंब गाडीपुढे फोटो काढत होतं. ही मी उभी केलीय, असं त्यांना सांगितलं. त्यांनी मला जरा बाजूला व्हायला सांगितलं, मी फोटोत येत होतो.
तेवढ्यात बाई आल्या. वाटलं, चहाचं विचारतील. त्यांनी माझ्या हातात पाण्याची नळी दिली. "आलाच आहात तर आतल्या रोपांना पाणी घाला. माझा हात तिथवर पोचत नाही."
माझा पोचतो. बॅटरीच्या जागेतलं एक रोप पार सुकलं होतं. तिथे पत्रा उतरता आहे, पाणी थांबत नाही. नळी अगदी बुडाशी, हलकी धरावी लागते. त्या बाईंना पाणी घालायची काहीही पद्धत नाही. आता दर रविवारी मीच घालणार आहे. त्यांनी नको म्हटलं तरी.