दिवसा वाचलेली गोष्ट

प्रिय गोविंदा,

रोज तुला लिहायला कागद काढतो अन् चूल पेटवायला देऊन टाकतो. आज लिहूनच टाकतो.

तू चांद्याहून धाडलेली विलायती पोरांची पुस्तकं पोचली. मराठीत कोणी आणली देव जाणे, पण मस्त आणली. पोरं झाडाच्या ढोलीतून भलत्याच राज्यात जातात, होडीतून बेटावर खजिना हुडकतात, अन् जेवणाच्या वेळेला बरोब्बर घरी. या बांबूतोडीच्या डेऱ्यावरून सूरजागडचे डोंगर दिसतात. तिकडं एकदा होडीशिवायच जायचं होतं मला. ते राहू दे.

सगळ्यात जास्त वेड लागलं तुझ्या मुखरूमामाला. अक्षर येत नाही, पण मला धड वाचू देईना. "त्या पोराईचे मायबाप कुठी हायेत रे? कोणी हाका काऊन नाई मारत?"

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. डेऱ्यावरची शकुबाईही तेच म्हणाली. मामा हसला. "मी त मामाच आहो. चुकलो त विलायतेत निघीन." मग भर दुपारी, भाकरी खाता खाता, मी वाचलं. बेटावरची पोरं रान तुडवत जातात, तो भाग. संपेपर्यंत बाकीचे कामावर निघून गेले होते. त्यांना गाठायला मामा एकटाच नाल्याच्या मधल्या वाटेनं गेला.

वाट चुकला नव्हता रे तो. ती वाट त्याला पाठ होती. नाल्यात त्याचा दुपट्टा सापडला, अन् ओल्या रेतीत वाघाचे पंजे. पुढं जे मिळालं ते आम्ही तिथंच जाळलं. आता येताजाता जो तो त्या जागी एक दगड ठेवतो. शकुबाई माझ्याशी बोलत नाही, पण माझ्या वाटचा दगडही तीच ठेवते. मला तिकडं जाववत नाही.

लिहायचं कारण असं, की दिवाळीला सुटी नाही म्हणून मामानं तुझ्या आईला निरोप धाडला होता, औंदा भाऊबीजेला तूच इकडं ये. तिला निघू देऊ नको, गोविंदा. जवळ बसवून तूच सांग.

थांब. बैलगाडी आली. शकुबाई हातातलं टाकून उभी राहिली. मनकर्णामावशी उतरून राह्यली, तुझी आई. ओवाळायचं ताट फडक्यात बांधून आणलंय. "मुखरू कुठी हाये?" विचारते आहे, अन् सगळे माझ्याकडं पाहून राह्यले.

तुझाच,
दसरू