आवळून बांधलेलं लुगडं

रेणूच्या आईस,

तू असतीस तर आज माझ्याशी बोलली नसतीस. तू जन्मभर झाकून ठेवलेली गोष्ट मी आज दुपारी रेणूजवळ फोडली, म्हणून दुकान लवकर बंद करून लिहायला बसलोय. उद्या सकाळी व्याही आणि विहीणबाई तिला सासरी, भैंशाला न्यायला येणार आहेत.

आधी आनंदाचं सांगतो. तुला नात झाली! नाक तुझं, रडणं मात्र माझ्या बहिणीचं. बाळंतपण आपल्या नेरडीगोंड्याच्या घरीच व्हावं म्हणून मी हट्टानं रेणूला आणलं. मालिशवाल्या मावशी, शेगडी, डिंक, खारीक, सगळं आठवून आठवून जमवलं. दिवसातून दहादा वाटायचं, तुला विचारावं. कुणाला विचारणार होतो?

बाळंतिणीचं पोट बांधायला आईचं जुनं लुगडं लागतं, एवढं मला माहीत होतं. तुझं हिरवं सुती लुगडं पेटीतून काढलं आणि मीच फाडलं. तुझं काहीतरी लेकीच्या अंगाला लागतंय म्हणून बरं वाटलं. मावशींनी ते असं आवळलं की रेणूला श्वास घेता येईना. वर मी म्हणतोय, आवळा अजून, हिच्या आईचं पोट असंच बसलं होतं!

पंधरवड्यापूर्वी आदिलाबादच्या दवाखान्यात तपासणीला गेलो. तिथली फिजिओथेरपीची मुलगी रेणूच्याच वयाची, तेलुगू बोलणारी. रेणूला विचारून तिने मला आत बोलावलं आणि हिंदीत समजावलं. बाळंतपणात खालचे स्नायू सैल पडतात, मग खोकताना, शिंकताना लघवी सुटते. व्यायामाने पुष्कळ सुधारतं, पण तो तीन महिने रोज करायचा आणि तोवर जड उचलायचं नाही. पोट असं आवळलं की सगळा दाब खाली जातो, ते आधी सोडा, म्हणाली. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. इथे तर बाप किराणा दुकानदार! मान खाली घालून ऐकत होतो आणि डोळ्यांपुढे तूच येत होतीस.

बासरचं सरस्वतीचं देऊळ आठवतं? रेणूच्या अक्षराभ्यासाची सगळी तयारी तू केलीस आणि तीन तासांची बस म्हटल्यावर स्टँडवरून परत फिरलीस. लेकीनं पहिलं अक्षर गिरवलं तेव्हा तिच्या शेजारी माझी बहीण बसली. मी चार माणसांत तुला बोललो, की हिला घराचा उंबरा सोडवत नाही. रेणूही तेच धरून मोठी झाली. आणि दोरीवर लुगड्यांच्या आड वाळत घातलेल्या त्या फडक्यांचं काय? मला रोज दिसायची. बाईमाणसाचं काही असेल म्हणून मी नजर फिरवायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तू म्हणायचीस. अगं, निदान माझ्यापुढे तरी उघडायची होतीस!

घरी आल्यावर रेणू व्यायाम करेना आणि लुगडंही सोडेना. विचारलं की म्हणायची, ठीक आहे. आज दुपारी बाळाचे कपडे घेऊन दारातून येताना तिला खोकला आला. पायाला पाय आवळून, डोळे मिटून ती तिथेच उभी राहिली. तू अशीच उभी राहायचीस. मी म्हणालो, सोड ते लुगडं आता.

“बाबा, आईचं हाये ते. राहू द्या ना.”

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. “तुह्या आईलेबी हेच होतं, रेणू. त्याच्यानंच बासरले आली नाही ते.”

ती कितीतरी वेळ कपड्यांच्या घड्या करत राहिली. मग म्हणाली, “आईनं सांगतलं काऊन नाही?”

“मी इचारलंच नाही.”

तिने आत जाऊन लुगडं सोडलं. संध्याकाळी चटईवर पडून व्यायामही केला, न सांगता. तू रागावली आहेस का? रागावली असशील तर बरोबरच आहे.

आता उद्याची धास्ती. सव्वा महिना झाला म्हणून नेतायत. मळ्यात वांगी निघालीत आणि हात कमी आहेत. रेणू तोंड उघडायची नाही, निमूट टोपली डोक्यावर घेईल. जावई भला आहे, पण बापापुढे त्याचा आवाज निघत नाही. व्याही रागावून उठले तर? पुढे तिलाच बोल लावले तर? दुकानात बसून मी दिवसभर वाक्यं जुळवली आणि दरवेळी ‘लघवी’ या शब्दाशी जीभ अडली. तीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलण्यावर पोट भरलं, आणि आता ही गत!

तरी तुला शब्द देतो. उद्या चहा झाला की मी दोघांसमोर बोलेन, कुजबुजून नाही. लेकीला काय होतं, किती दिवस जपायचं, सगळं त्या शब्दासकट. नाही पटलं तर तीन महिने ती इथेच राहील. विहीणबाई म्हणतील, आम्हाला काय लेकरं झाली नाहीत? तेव्हा मी हात जोडून त्यांना एवढंच म्हणेन, झाली ना, ताई. पण तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का?

रेणूचे बाबा