गाठोड्यात नसलेली मुळी

मुक्काम अनकुओ

आई, तुझ्या खच्यांगचा वाकून नमस्कार.

गाठोडं पोचलं. अक्रोड गोड निघाले, जोडेही बरोबर बसले. मी मजेत आहे. तुझा खोकला कसा आहे?

दरवर्षी तू आपल्या शेतातली तांगक्वेइची मुळी घालायचीस. नावाचा अर्थच 'परत यायला हवं'. दूर गेलेल्या नवऱ्याला बायका ती पाठवायच्या, असं तू सांगायचीस. आमच्या जडीबुटीच्या दुकानाचे मालक हसतात. "अरे वेड्या, भरकटलेलं रक्त तिच्यामुळे जागेवर परततं, म्हणून ते नाव!" मी वाद घालत नाही.

नऊ वर्षं मुळ्या आल्या, मी आलो नाही. यंदा मुळी नाही.

नुसती विसरली असशील, तर बरं. दुकानात पोत्यांनी पडलीय गं ती. पण त्यातली एकही मला बोलवायला आलेली नाही.

तुझाच,
खच्यांग